पन्नास अंशांची पाटी

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशेजारी, सव्वीस वर्षे एक पाटी टांगलेली होती. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली. वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये एकच मजकूर : ‘शाळेच्या आवारात नोंदलेले सर्वाधिक तापमान ५० अंश सेल्सिअस, मे १९९८.’ शाळेत कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याची नजर ह्या पाटीवर जाई. तपासणीला आलेले अधिकारी, परीक्षेला आलेले पर्यवेक्षक, निवडणुकीत मते मागायला आलेले पुढारी, सगळे तिच्यासमोर क्षणभर थांबत, ‘पन्नास?’ म्हणत आणि नकळत कपाळावरचा घाम पुसत. मला ते पाहून बरे वाटे. ती पाटी माझ्याच हौसेने लागली होती आणि तिचा खर्चही मीच केला होता. जून २०२४ मध्ये ती मी उतरवली. त्याची ही हकिगत.

आमचे गाव आळंद तालुक्यात. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा, आणि जिल्ह्याचे ठिकाण कलबुर्गी. तुरीचे आणि ज्वारीचे काळे रान, झाडोरा बेताचा. कन्नड माणसे आमच्या ह्या मुलखाला ‘बिसिलनाडु’ म्हणतात, म्हणजे उन्हाचा प्रदेश. एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत इकडच्या सरकारी कचेऱ्या सकाळी आठला उघडून दुपारी दीडला बंद होतात. उन्हाळ्याची चर्चा हा आमच्याकडे केवळ वेळ घालवण्याचा विषय नाही. लग्नाचा मुहूर्त, शेतातली मजुरी, म्हातारे माणूस दवाखान्यात कधी न्यायचे, सारे उन्हावर ठरते.

माझ्या घरी दोन वर्तमानपत्रे येतात. मराठी पत्रात सोलापूरचे तापमान असते, कन्नड पत्रात कलबुर्गीचे. सोलापूर शंभरेक किलोमीटर, कलबुर्गी त्याच्या निम्म्यावर. आमच्या गावाचा आकडा दोन्हींत नसतो. सीमेवरच्या माणसाला अशा गोष्टींची सवय झालेली असते. नकाशाच्या दोन्ही पानांवर त्याचे गाव शिलाईतच जाते. पण तरुणपणी मला ते डाचत असे. आपल्या गावाचे ऊन आपणच मोजावे, असे माझ्या मनाने घेतले, ते ह्या डाचण्यातूनच.

१९९७-९८ चे शैक्षणिक वर्ष. भूगोलात एम.ए. करून मी ह्या शाळेत लागलो होतो. आठवीला जगातील हवामानाचे विक्रम शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘जगातील सर्वाधिक तापमान : अल अझिझिया, लिबिया, ५८ अंश सेल्सिअस, १३ सप्टेंबर १९२२.’ हे वाक्य मी विद्यार्थी असताना पाठ केले होते आणि शिक्षक झाल्यावर पाठ करून घेत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. आमच्या शिपाईमामांचा मुलगा.

‘‘सर, ते कुणी बघितलं?’’

वर्ग हसला. मीही हसलो. ‘‘बघणाऱ्याने बघितलं. पुस्तकात आहे ना?’’ असे म्हणून मी पुढच्या विक्रमाकडे वळलो. चेरापुंजी असावे बहुधा.

मुलगा मात्र हुशार होता, ते मला जाणवले होते. मामांचे कुटुंब शाळेच्या आवारातल्याच एका खोलीत राहत असे. उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी निघालो, तेव्हा त्याला प्रयोगशाळेत नेले. भिंतीवर सिक्सचा कमाल-किमान तापमापक होता. (सिक्स म्हणजे सहा नव्हे, अठराव्या शतकात ज्याने हे उपकरण बनवले, त्या जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजाचे ते आडनाव. दर वर्षी दोन-चार मुले ‘सहाचा तापमापक’ असे लिहीत.) इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि दोन्ही बाहूंत पाऱ्याच्या डोक्यावर एकेक बारीक पोलादी सळई. ऊन वाढले की पारा उजवीकडच्या सळईला ढकलत वर नेतो. पारा उतरला तरी सळई तिथेच अडकून राहते. संध्याकाळी ती पाहायची, आकडा लिहायचा, मग लोहचुंबकाने तिला पुन्हा पाऱ्यावर आणून ठेवायचे. दुसऱ्या बाहूत रात्रीच्या थंडीचे तसेच.

तो तापमापक आम्ही प्रयोगशाळेच्या पश्चिमेकडच्या व्हरांड्यात, पत्र्याखाली, भिंतीला टांगला. मी त्याला सगळे सांगितले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही : सळईचे कोणते टोक वाचायचे. वाचायचे असते ते पाऱ्याला टेकलेले खालचे टोक. मला ते माहीत नव्हते असे नाही. सांगायचे सुचले नाही, एवढेच.

मेअखेर मी परत आलो तेव्हा पोराने नोंदवही पुढे केली. रूळ आखून, तारीखवार, सुंदर अक्षरांत. ४८, ४७.५, ४९, आणि एका दिवसासमोर ५०. मी उडालोच. अलवरला १० मे १९५६ रोजी ५०.६ अंश तापमान होते आणि तो त्या वेळचा भारताचा उच्चांक होता. आमचे गाव त्याच्या सहा दशांशांवर येऊन ठेपले होते! त्या उन्हाळ्यात साऱ्या देशातच होरपळ होती. ओरिसात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांवर माणसे दगावली होती. म्हणून पन्नास मला अशक्य वाटले नाही. कन्नड पत्रात गुलबर्ग्याचा (तेव्हा ते गुलबर्गाच होते) आकडा बराच कमी होता, तो मी पाहिला आणि म्हटले, ते शहर, आमचे उघडे माळरान. एका मराठी दैनिकाला बातमी पाठवली. चार ओळी छापून आल्या. आमच्या गावाचे नाव तापमानासह प्रथमच छापले गेले. पेंटरला बोलावून पाटी रंगवून घेतली आणि पंधरा ऑगस्टला त्या मुलाला कंपासपेटी बक्षीस दिली.

त्याच वहीत किमान तापमानाचा रकाना होता. १९, १८, १८.५, एका पहाटेचे १७. मे महिन्यात, काळ्या रानात, आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून रात्रभर कूस बदलत होतो त्या दिवसांत! भूगोलाच्या एम.ए.ने तो रकाना पाहिला होता, आणि पान उलटले होते.

ह्यानंतर वीस वर्षे ती पाटी आमच्या बोलण्यात राहिली. कोणी उन्हाची तक्रार केली की दुसरा म्हणे, ‘‘अरे, आपण पन्नास सोसलंय, त्रेचाळीसचं काय घेऊन बसलास?’’ शेतावरचा मुकादम हे म्हणे. लग्नाच्या वरातीतले यजमान हे म्हणत. आणि मे २०१९ मध्ये शाळेच्या सुवर्णमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात, मैदानावर, भर दुपारी, ध्वनिक्षेपकावरून मी हे म्हणालो. मंडप अपुरा होता. मागच्या बाजूची मंडळी उन्हात खुर्च्या घेऊन बसली होती आणि चुळबुळत होती. ‘‘आपल्या शाळेने पन्नास अंश पाहिले आहेत,’’ मी म्हणालो, ‘‘आजचं ऊन म्हणजे चांदणं आहे. कोणीही उठणार नाही.’’ टाळ्या पडल्या.

शिपाईमामा निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. पण शाळेचे कार्य म्हणून सकाळी सहापासून ते खुर्च्या आणि पाण्याचे कॅन उचलत होते. दोनच्या सुमारास कोणीतरी येऊन सांगितले, मामा काहीबाही बोलताहेत. मी गेलो. अंग तापलेले, कातडी कोरडी, घामाचा टिपूस नाही. मला ते कोणी दुसराच समजून हाक मारत होते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पाणी पाजू लागले. जीपमध्ये घालून कलबुर्गीला नेईपर्यंत तासावर वेळ गेला. डॉक्टरांनी ओल्या चादरी आणि बर्फ लावला. शरीराचे तापमान चाळीसच्या वर गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला की तो उष्माघात. अशा वेळी आधी अंग थंड करायचे, मग गाडी शोधायची, हे त्यांनी मला समजावून सांगितले. आम्ही नेमके उलटे केले होते. मामा वाचले. पण तेव्हापासून चालताना त्यांचा तोल जातो आणि जीभ जड झाली आहे. त्या दिवशीचे आमच्या भागातले तापमान मेमधले नेहमीचेच होते.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर चौदा माणसे उन्हाने गेली, तेव्हा दूरदर्शनवर ते मैदान पाहून मला रात्री जेवण गेले नाही. तिथेही कोणता विक्रम मोडला नव्हता.

मामांचा मुलगा आता चाळिशीचा आहे. वीज कंपनीत लाइनमन. मे महिन्यात खांबावर चढणाऱ्याला उन्हाबद्दल शिकवायला कोणी लागत नाही. पण त्याला दुसरा एक नाद आहे, तो मला उशिरा कळला. जगात कुठे किती तापले, ह्याचा तो रोज रात्री मोबाईलवर हिशेब ठेवतो. पाकिस्तानातले तुर्बत, कुवेतमधले मित्रिबा, राजस्थानातले फलोदी ही त्याच्या लेखी सोयऱ्यांची गावे. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झाले आणि अलवरचा साठ वर्षांचा उच्चांक मोडला, हे त्यानेच मला तेव्हा फोन करून सांगितले होते.

२०२४ च्या मेअखेरीस शाळा उघडल्या त्या आठवड्यात तो आला. दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्रावर २९ मे रोजी ५२.९ अंशांची नोंद झाली होती. दुसऱ्याच दिवशी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६! शिक्षकखोलीत त्यावर वाद रंगला होता. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, ‘‘दोन्ही खोटे निघतील, सर. शेजारच्या केंद्रांशी जुळत नाहीत.’’ आणि तसेच झाले. मुंगेशपूरचे यंत्र तीन अंश जास्त दाखवत होते, नागपूरचेही बिघडलेले होते. हवामान खात्यानेच तसे जाहीर केले.

‘‘सर, आपलं पन्नासही तसलंच आहे,’’ तो पाटीकडे न बघता म्हणाला. ‘‘मी सळईचं वरचं टोक वाचत होतो.’’

मला काही बोलायला सुचेना. मग त्याने मला अझिझियाची गोष्ट सांगितली. मी ती नंतर मिळेल तिथून वाचून काढली, आणि भूगोलाच्या शिक्षकाला ती तोवर ठाऊक नसावी, ह्याची लाज अजून गेलेली नाही.

अझिझिया हे त्रिपोलीच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरचे ठिकाण. १९२२ साली तिथे इटलीचा अंमल होता आणि तापमान घेतले जाई ते टेकडीवरच्या किल्ल्यात. हवामानाचा इतिहास लिहिणारे ख्रिस्तोफर बर्ट हे अमेरिकन गृहस्थ ह्या ५८ अंशांकडे २०१० च्या सुमारास संशयाने पाहू लागले. लिबियाच्या हवामान खात्यातले अधिकारी खालिद एल फदली ह्यांनी नव्वद वर्षांपूर्वीचा मूळ नोंदीचा कागद शोधून काढला. जागतिक हवामान संघटनेने तज्ज्ञांची समिती नेमली. तेवढ्यात २०११ मध्ये लिबियात क्रांतीचा भडका उडाला आणि एल फदलींचा कित्येक महिने पत्ताच लागेना. गोळीबार चाललेल्या देशात एक माणूस जुन्या उन्हाच्या कागदासाठी बेपत्ता आहे की आणखी कशासाठी, हे इतरांना कळायला मार्ग नव्हता. ते सुखरूप परतले आणि काम पुरे झाले.

त्या कागदावर ११ सप्टेंबर १९२२ पासून अक्षर बदलले होते. नोंद घेणारा माणूस नवा होता. नेहमीचा तापमापक नादुरुस्त झाल्याने त्याच्या हाती बदली उपकरण आले होते, सिक्सच्याच जातीचे. त्याची सळई लांबीला जवळजवळ सात अंशांची. नव्या माणसाने तिचे खालचे टोक वाचण्याऐवजी वरचे वाचले असावे, असा समितीचा निष्कर्ष. शिवाय काही आकडे त्याने भलत्याच रकान्यात भरले होते. तापमापकाखालची जमीन डांबरासारखी काळी होती. आजूबाजूच्या ठिकाणांशी तो आकडा जुळत नव्हता आणि त्याच जागी पुढे कधी तसे तापमान आले नाही. १३ सप्टेंबर २०१२ रोजी, बरोबर नव्वद वर्षांनी, तो विक्रम रद्द झाला. ‘सर, ते कुणी बघितलं?’ ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, आणि मी आणखी बारा वर्षे फळ्यावर ५८ लिहीत होतो.

आता मान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीकडे आहे : १० जुलै १९१३, ५६.७ अंश. त्यावरही बर्ट आणि इतर अनेक जाणकार शंका घेतात. तपासून स्वीकारलेले अलीकडचे आकडे मित्रिबाचे ५३.९ (जुलै २०१६) आणि तुर्बतचे ५३.७ (मे २०१७). हे दोन्ही आधी ५४ म्हणून गाजले होते. उपकरणांची तपासणी करून समितीने ते दशांशांनी खाली आणले. बर्ट किंवा देशोदेशींचे उच्चांक गोळा करणारे मॅक्सिमिलियानो हेरेरा ही मंडळी उन्हाचा एवढा नाद असूनही एखादा आकडा खोटा ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे खपतात, ह्याचे मला आधी नवल वाटले. आमच्या लाइनमनला वाटत नाही. तो म्हणाला, ‘‘तारेत करंट आहे की नाही, हे कुणी सांगितलं म्हणून आम्ही हात लावतो का, सर?’’

कपाटातून १९९८ ची नोंदवही काढली. तापमापक अजून होता. मोजपट्टीने सळई मोजली : अंशांच्या खुणांवर तिची लांबी सव्वासात भरली. पन्नासातून सव्वासात. ४२.७५. मग किमानाचा रकाना. त्या बाहूवर अंश उलटे उतरतात, त्यामुळे वरचे टोक वाचले की रात्र तेवढीच थंड होते. १७ मध्ये सव्वासात मिळवले की सव्वाचोवीस. मेमधली पहाट ती हीच. त्यातही भिंतीची आणि पत्र्याची धग धरलेली. खरे तापमान मोजायचे तर पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या, हवा खेळेल अशा पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, मोकळ्या जागी मोजावे लागते. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन ह्या स्कॉटिश अभियंत्याने काढली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे ते वडील. एवढी माहिती मी मुलांना दर वर्षी आवडीने सांगत आलो. पेटी मात्र कधी केली नाही.

संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी विषय मांडला. अध्यक्ष भले गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘सर, पाटी कुणाचं काय खाते? दिल्लीवाले बावन्न म्हणतात, आपण पन्नास म्हटलं तर बिघडलं कुठं?’’ एका सभासदांना वाटले, कन्नड मजकुरावर कोणी हरकत घेतली असावी; दुसऱ्यांना वाटले, मराठी मजकुरावर. पाटी उतरवण्याचे आमच्याकडे दुसरे कारण संभवतच नाही! ‘‘आकडा चूक आहे,’’ हे मला तीनदा सांगावे लागले. मेळाव्यातले माझे भाषण मात्र मी तिथे काढले नाही. कोणी विचारले नाही आणि मी बोललो नाही.

नोंदवहीत मे १९९८ च्या पानावर लाल शाईने लिहिले : ‘ह्या पानावरील सर्व वाचने चुकीची. सळईचे वरचे टोक वाचले गेले. शिकवणाऱ्याने खालचे टोक दाखवले नव्हते.’ खाली सही आणि तारीख. पोराला ते दाखवले. शेवटचे वाक्य खोडा म्हणून तो हटून बसला. मी खोडले नाही.

आता मैदानाच्या कडेला, जुन्या खिडक्यांच्या झडपा जोडून त्याने केलेली पांढरी पेटी उभी आहे. दार उत्तरेला. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ह्या ठरलेल्या वेळांना नववीची दोन मुले जातात. एक वाचतो, दुसरा तपासतो, दोघांच्या सह्या. गेल्या वर्षात पन्नास सोडाच, पंचेचाळीसही झाले नाहीत. मुलांची थोडी निराशा होते. बेचाळीस ओलांडले की आम्ही मैदानावरचे तास बंद करतो आणि पाणी पिण्याची घंटा दर तासाला देतो. हा बेचाळीसचा आकडा कोणत्या परिपत्रकातला नाही. वहीतला सव्वासात वजा केलेला आहे.

मामा संध्याकाळी काठी टेकत शाळेपर्यंत येतात. एकदा त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवून मी मेळाव्याचे सांगितले. मी माईकवरून काय बोललो होतो, ते शब्दांनिशी. ते ऐकत राहिले. त्या दिवसाचे दुपारनंतरचे त्यांना काही आठवत नाही, असे जड जिभेने म्हणाले. मग पाटी काढल्यावर भिंतीवर उरलेल्या फिक्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसले.

‘‘खिळा तसाच हाय की, सर. पोरांच्या हाताला लागंल.’’

दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन आले आणि त्यांनीच तो काढला. एका हाताने भिंत धरून, सावकाश.